गर्भाशयाच्या धमन्या आणि ‘अपवादा’चा इतिहास : एक चिकित्सक अभ्यास

बीजसंज्ञा : शरीररचनाशास्त्राचा इतिहास, गर्भाशयाची धमनी, अंतःश्रोणी धमनी, रचनाभेद, शवविच्छेदन, स्त्रीदेह.

प्रस्तावना :

शरीररचनाशास्त्राचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले तर त्यात मानवी देहाचे एक नीटनेटके चित्र आढळते. धमन्या तांबड्या रंगात, शिरा निळ्या रंगात, प्रत्येकीला एक नाव आणि एक ठरलेली जागा. वर्णनाच्या शेवटी मात्र बहुधा बारीक टाइपात एखादी ओळ असते, की क्वचित प्रसंगी ही धमनी अन्य ठिकाणाहूनही उगम पावते. विद्यार्थी ती ओळ परीक्षेपुरती वाचतो आणि पुढे जातो. प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय आहे तो या दुर्लक्षित ओळीचा इतिहास. स्त्रीच्या ओटीपोटातील अवयवांना, म्हणजे गर्भाशय, बीजांडकोश आणि योनिमार्ग यांना, रक्त पुरविणाऱ्या धमन्यांची रचना प्रत्येक देहात सारखी नसते, ही गोष्ट युरोपीय वैद्यकाच्या ध्यानात कशी आली, ती मोजण्यास किती काळ लागला आणि ते ज्ञान कोणाच्या देहांवरून मिळाले, याचा मागोवा येथे घेतला आहे.

प्रस्तुत लेखक इतिहासाचा अभ्यासक आहे, वैद्यकाचा नव्हे. त्यामुळे धमन्यांविषयी नवे काही सांगण्याचा येथे दावा नाही. परंतु ‘सर्वसामान्य’ आणि ‘अपवादात्मक’ या कोटी कशा घडतात, हा इतिहासाचा प्रश्न आहे. धमनीच्या बाबतीत तो केवळ तात्त्विक राहत नाही. प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबत नसताना शल्यविशारदाच्या हाताला धमनी चित्रातल्या जागी सापडली नाही, तर त्याची किंमत स्त्रीला प्राणांनी मोजावी लागते.

विषयाची ओळख :

पुढील विवेचन समजण्यासाठी थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे. महाधमनी पोटाच्या मागील भिंतीवरून खाली उतरते आणि कमरेच्या पातळीवर दुभंगते. तिच्या दोन्ही शाखा पुन्हा दुभंगतात. त्यांतील आतली शाखा म्हणजे अंतःश्रोणी धमनी. वैद्यकीय व्यवहारात तिला इंटर्नल इलियाक आर्टरी म्हणतात. गर्भाशयाची धमनी सामान्यतः हिच्या पुढील विभागातून निघते, आडवी होऊन गर्भाशयमुखाकडे जाते आणि त्यापासून सुमारे दोन सेंटिमीटर अंतरावर मूत्रवाहिनीला वरून ओलांडते. तेथून ती गर्भाशयाच्या कडेने नागमोडी वर चढते. बीजांडकोशाची धमनी मात्र थेट महाधमनीतून, मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या खालून निघून लांबचा प्रवास करीत खाली येते. गर्भाशयाच्या वरच्या कोपऱ्याशी या दोन्ही धमन्यांच्या शाखा एकमेकींना मिळतात.

हा झाला नियम. प्रत्यक्षात गर्भाशयाची धमनी कधी नाभिधमनीबरोबर एकाच खोडातून निघते, कधी नितंबाच्या खालच्या धमनीतून, तर कधी योनिमार्गाच्या धमनीशी जोडलेली असते. काही स्त्रियांत ती एका बाजूस अगदी बारीक असते किंवा नसतेच, आणि तिचे काम बीजांडकोशाची धमनी करते. बीजांडकोशाची धमनीही काही वेळा महाधमनीऐवजी मूत्रपिंडाच्या धमनीतून निघते. या विविधतेचे कारण गर्भावस्थेत आहे. रक्तवाहिन्या आरंभी जाळ्याच्या रूपात असतात. त्यांतील काही वाटा रुंदावून टिकतात आणि बाकीच्या विरून जातात. कोणती वाट टिकेल हे प्रत्येक देहात थोडे वेगळे ठरते. बीजांडकोश मूळचा मूत्रपिंडाजवळ तयार होतो आणि नंतर खाली उतरतो. येताना तो आपली धमनीही बरोबर आणतो. म्हणूनच तिचा उगम इतक्या वर असतो.

गेलनची डावी-उजवी बाजू :

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलन याने मांडलेली शरीररचना युरोपात आणि अरबी जगतात हजार वर्षांहून अधिक काळ प्रमाण मानली गेली. गेलनचे विच्छेदन मुख्यतः माकडे, डुकरे, बकऱ्या अशा प्राण्यांवर झाले होते. तरीही त्याचे निरीक्षण सूक्ष्म होते. जननेंद्रियांच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिन्यांचा संबंध मूत्रपिंडाच्या वाहिन्यांशी आहे आणि उजव्या बाजूच्या वाहिन्या थेट मोठ्या वाहिनीशी जोडलेल्या आहेत, हे त्याने पाहिले. शिरांपुरते हे निरीक्षण आजही खरे आहे. डाव्या बीजांडकोशाची शीर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, उजवी मात्र थेट महाशिरेला.

परंतु या निरीक्षणावर गेलनने जो निष्कर्ष उभा केला तो रक्तवाहिन्यांतून निघालेला नव्हता. डाव्या बाजूचे रक्त मूत्रपिंडात शुद्ध होण्यापूर्वीचे, म्हणून पाणचट आणि थंड. उजवीकडचे शुद्ध आणि उष्ण. म्हणून उजव्या बाजूस पुत्र आणि डाव्या बाजूस कन्या संभवते, असे त्याने प्रतिपादन केले. स्त्री ही पुरुषापेक्षा कमी उष्णतेची, म्हणून कमी पूर्ण, ही धारणा आधीच होती. रक्तवाहिन्यांतील फरकाला त्या धारणेचा पुरावा करण्यात आले.

येथे आपल्या परंपरेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शव वाहत्या पाण्यात ठेवून सात रात्रींनंतर थरथराने तपासण्याची पद्धत सांगितली आहे. आर्तववह स्रोतसे दोन असून त्यांचे मूळ गर्भाशय व आर्तव वाहणाऱ्या धमन्या असल्याचेही तेथे नमूद आहे. मात्र त्या ग्रंथातील ‘धमनी’ म्हणजे आजची धमनी असे समीकरण मांडणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. दोन्ही संकल्पनांच्या चौकटी भिन्न आहेत. उलट एक वेगळे साम्य लक्षणीय वाटते. गर्भिणीच्या उजव्या-डाव्या अंगावरील लक्षणांवरून पुत्र की कन्या याचे अनुमान सुश्रुतसंहितेतही आहे, आणि तेथेही उजवी बाजू पुत्राची आहे. देहातील साधा फरक समाजातील उतरंडीच्या भाषेत वाचण्याची सवय एका संस्कृतीपुरती नव्हती, असे यावरून म्हणता येईल.

व्हेसालियसचा प्रमाणदेह :

युरोपात मानवी शवविच्छेदन मध्ययुगाच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झाले. बोलोन्या येथील मोंदिनो याने १३१६ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात आदल्या वर्षी विच्छेदन केलेल्या दोन स्त्रीदेहांचा उल्लेख आहे आणि दोघींच्या गर्भाशयाच्या आकारातील फरकही त्याने नोंदविला आहे. परंतु ग्रंथाची चौकट जुन्याच प्रमाणांची राहिली.

१५४३ मध्ये बाझेल येथे आंद्रेआस व्हेसालियसचा ‘दे ह्युमानी कॉर्पोरिस फाब्रिका’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गेलनने मानवाऐवजी प्राण्यांचे वर्णन केले आहे, हे व्हेसालियसने निर्भीडपणे दाखवून दिले. त्याच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठचित्रातही मध्यभागी विच्छेदनाच्या मेजावर एक स्त्री आहे. फाशी टाळण्यासाठी आपण गर्भवती असल्याचे सांगणारी, परंतु सुइणींच्या तपासणीनंतर फाशी गेलेली ती स्त्री असावी, असे मानले जाते. स्त्रीदेह तेव्हा फार क्वचित मिळत. पाडुआ येथे एका मठवासीयाच्या प्रेयसीचे शव विद्यार्थ्यांनी थडग्यातून पळवून आणले आणि नातेवाइकांना ओळख पटू नये म्हणून त्याची कातडी सोलून काढली, ही हकीकत व्हेसालियसने स्वतःच लिहून ठेवली आहे. अशा देहांवरून गर्भाशयाचे आणि त्याच्या वाहिन्यांचे वर्णन सिद्ध होत होते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने व्हेसालियसचे दुसरे एक मत महत्त्वाचे आहे. देहादेहांत फरक असतात हे तो जाणत होता आणि अनेक ठिकाणी त्याने ते नोंदविलेही आहेत. तथापि सार्वजनिक विच्छेदनासाठी शक्य तितका प्रमाणबद्ध देह निवडावा आणि तोच शिकवावा, असा त्याचा आग्रह होता. अध्यापनाच्या सोयीसाठी हे योग्यच होते. मात्र त्यामुळे प्रमाणदेह हा ‘निसर्गाचा हेतू’ आणि अन्य देह ही ‘निसर्गाची चूक’ अशी विभागणी रूढ होण्यास वाव मिळाला. गेलनचे प्राणी गेले, पण ‘एकच देह’ ही कल्पना राहिली.

मेणाचा उपयोग :

विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत प्रसिद्ध केला. त्यानंतर रक्तवाहिन्यांच्या अभ्यासाला वेगळाच अर्थ आला. कोणती वाहिनी रक्त आणते, कोणती नेते आणि दोन वाहिन्या कोठे मिळतात, हे प्रश्न आता निर्णायक ठरले. मृतदेहात धमन्या रिकाम्या आणि चपट्या पडतात. बारीक शाखा डोळ्यांना दिसत नाहीत. यावर सतराव्या शतकात डच अभ्यासकांनी उपाय शोधला, तो म्हणजे वाहिन्यांत रंगीत द्रव किंवा वितळलेले मेण पिचकारीने भरण्याचा. राइनियर द ग्राफ याने १६६८ मध्ये अशा पिचकारीचे वर्णन केले आणि १६७२ मध्ये स्त्रीच्या प्रजननेंद्रियांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी यान स्वामरडाम याचाही गर्भाशयाच्या रचनेवरील ग्रंथ आला. ज्या अवयवाला तोवर ‘स्त्रीचे वृषण’ म्हणत, त्यासाठी ‘ओव्हरी’ हे नाव रूढ होण्यात या काळातील लेखनाचा वाटा मोठा आहे.

मेणामुळे धमन्यांचे जाळे डोळ्यांसमोर आले. अठराव्या शतकात ग्यॉटिंगेन येथे आल्ब्रेख्त फॉन हालर याने १७४३ ते १७५६ या काळात ‘इकोनेस अनाटोमिके’ ही चित्रमाला प्रसिद्ध केली. तिचा मुख्य भर धमन्यांवर होता. एकाच धमनीची अनेक देहांशी पडताळणी करण्याची रीत हालरच्या कामात ठळकपणे दिसते.

हंटर : एक देह, हुबेहूब :

लंडनमधील प्रसूतिवैद्य विल्यम हंटर याचा गर्भवती गर्भाशयाच्या रचनेवरील चित्रग्रंथ १७७४ मध्ये बर्मिंगहॅम येथे जॉन बास्करव्हिल याच्या मुद्रणालयात छापला गेला. त्यात ३४ मोठी चित्रे आहेत आणि त्यांतील बहुतेक यान फान रिम्सडाइक या चित्रकाराने काढलेली आहेत. १७५० च्या सुमारास गर्भारपणाच्या अखेरच्या दिवसांत आकस्मिक मृत्यू पावलेल्या एका स्त्रीचा देह हंटरला मिळाला. तेथपासून ग्रंथ पूर्ण होईपर्यंत सुमारे चोवीस वर्षे गेली. गर्भाशयाच्या आतील थरात शिरणाऱ्या वळणदार धमन्या, तसेच आईचे आणि गर्भाचे रक्ताभिसरण परस्परांपासून वेगळे असते ही गोष्ट, विल्यम आणि त्याचा धाकटा भाऊ जॉन यांच्या मेण भरलेल्या नमुन्यांवरून सिद्ध झाली. या शोधाच्या श्रेयावरून पुढे १७८० मध्ये दोघा भावांत कायमचे वितुष्ट आले.

हंटरने आपल्या प्रस्तावनेत चित्रांचे दोन प्रकार केले आहेत. एक म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेल्या वस्तूचे हुबेहूब चित्र आणि दुसरे म्हणजे अनेक निरीक्षणांतून मनाने जुळविलेले चित्र. त्याचा कल पहिल्याकडे होता. व्हेसालियसच्या आदर्श देहापेक्षा ही भूमिका वेगळी आहे. येथे प्रत्येक चित्र एका विशिष्ट स्त्रीच्या देहाचे आहे. परंतु यातूनच एक पेच निर्माण होतो. एका देहाचे चित्र कितीही अचूक असले तरी दुसऱ्या देहात तसेच असेल याची हमी ते देत नाही. शिवाय ज्या स्त्रियांचे गर्भाशय इतक्या अचूकपणे रेखाटले गेले, त्यांपैकी एकीचेही नाव ग्रंथात नाही.

मोजणीचे शतक :

अपवाद हा अपवाद आहे की नाही हे ठरविण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे मोजणे. त्यासाठी शेकडो देह हवे होते. ते मिळण्याची व्यवस्था एकोणिसाव्या शतकात झाली, परंतु तिचा इतिहास सुखद नाही. एडिंबरो येथे १८२८ मध्ये बर्क आणि हेअर या दोघांनी विच्छेदनगृहाला देह विकण्यासाठी केलेल्या सोळा खुनांचे प्रकरण उघडकीस आले. त्यानंतर १८३२ मध्ये ब्रिटिश संसदेने शरीररचना अधिनियम संमत केला. त्यानुसार गरीबखान्यांत आणि रुग्णालयांत मरण पावलेल्या, ज्यांवर कोणी हक्क सांगितला नाही अशा व्यक्तींचे देह वैद्यकीय विद्यालयांना मिळू लागले. पूर्वी जे गुन्हेगाराच्या वाट्याला येई ते आता दरिद्री माणसाच्या वाट्याला आले.

जर्मनीत फ्रीडरिख टीडमान याने १८२२ मध्ये धमन्यांचा मोठा चित्रसंग्रह काढला होता आणि १८४६ मध्ये त्याला जोडलेल्या पुरवणीत रचनाभेदांना स्थान दिले. परंतु या क्षेत्रातील निर्णायक टप्पा म्हणजे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील रिचर्ड क्वेन याचा १८४४ मधील धमन्यांवरील ग्रंथ होय. क्वेनने एक हजाराहून अधिक देहांतील निरीक्षणे एकत्र केली आणि प्रत्येक मोठ्या धमनीच्या बाबतीत किती देहांत काय आढळले याची कोष्टके दिली. चित्रे जोसेफ मॅक्लीज याने काढली. येथे ‘क्वचित’ या शब्दाची जागा प्रथमच आकड्याने घेतली. आकडा आला की अपवाद ही निसर्गाची चूक राहत नाही. ती एक शक्यता होते, आणि शल्यविशारदाला शक्यतेची तयारी ठेवता येते. क्वेनचा उद्देशही शस्त्रक्रियेस उपयुक्त होणे हाच होता.

शस्त्रक्रियेची कसोटी :

अंतःश्रोणी धमनी जिवंत माणसात बांधण्याची पहिली ज्ञात शस्त्रक्रिया १८१२ मध्ये वेस्ट इंडीजमधील सेंट क्रॉय बेटावर विल्यम स्टीव्हन्स याने केली. रुग्ण होती मायला नावाची आफ्रिकेतून आणलेली गुलाम स्त्री. तिच्या नितंबाच्या धमनीवर फुगा आला होता. शस्त्रक्रियेनंतर ती बरी झाली आणि पुढे काही वर्षे जगली. वैद्यकाच्या इतिहासात स्टीव्हन्सचे नाव ‘प्रथम’ म्हणून येते. परंतु एवढी मोठी धमनी बांधूनही ओटीपोटातील अवयव जिवंत राहतात, हे ज्या देहाने सिद्ध केले तो मायलाचा होता. तिची संमती घेण्याचा प्रश्न त्या व्यवस्थेत उद्भवतच नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूल आणि जंतुनाशन यांमुळे पोट उघडून शस्त्रक्रिया करणे शक्य झाले. बाल्टिमोर येथील हॉवर्ड केली याने १८९४ मध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव आवरण्यासाठी दोन्ही बाजूंच्या अंतःश्रोणी धमन्या बांधल्याचे नोंदविले. व्हिएन्ना येथे एर्न्स्ट व्हेर्टहाइम याने १८९८ मध्ये गर्भाशय आणि सभोवतालच्या पेशीजाल काढून टाकणारी व्यापक शस्त्रक्रिया सुरू केली. तीत मूत्रवाहिनी आणि गर्भाशयाची धमनी जेथे एकमेकींना ओलांडतात ती जागा नेमकी ओळखणे अपरिहार्य होते. घाईत धमनीऐवजी मूत्रवाहिनी बांधली गेली तर मूत्रपिंड निकामी होते.

शिकागो येथील बायरन रॉबिन्सन याने १९०३ मध्ये गर्भाशयाच्या आणि बीजांडकोशाच्या धमन्या मिळून होणाऱ्या वर्तुळावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गर्भाशयाला रक्त एका दाराने नव्हे, तर परस्परांशी जोडलेल्या अनेक दारांनी येते, हे त्याच्या विवेचनाचे सार होते. त्याचा पूर्ण अर्थ कळण्यास मात्र आणखी सहा दशके जावी लागली. १९६० च्या दशकात अमेरिकेतील बर्चेल याने धमनी बांधण्यापूर्वीचा आणि नंतरचा रक्तदाब प्रत्यक्ष मोजला. दोन्ही बाजूंच्या अंतःश्रोणी धमन्या बांधल्यावर नाडीदाब सुमारे ८५ टक्क्यांनी कमी होतो, परंतु रक्तप्रवाह सुमारे निम्म्यानेच घटतो, असे त्याला आढळले. म्हणजे धमनी बांधल्याने रक्त थांबत नाही. त्याचा जोर ओसरतो आणि रक्त गोठण्यास अवसर मिळतो. उरलेला प्रवाह कमरेच्या, त्रिकास्थीच्या, गुदाशयाच्या आणि बीजांडकोशाच्या धमन्यांतून आडवाटेने येतो. १९६९ मध्ये तर या धमन्या बांधलेल्या स्त्रियांना पुढे गर्भधारणा होऊन मुले झाल्याचे मेंगर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नोंदविले. ज्या आडवाटा पाठ्यपुस्तकात बारीक टाइपात होत्या, त्यांनीच गर्भाशय जगविले होते.

वर्गीकरणातील एक उणीव :

अंतःश्रोणी धमनीच्या शाखांची मांडणी इतकी बदलती आहे की तिचे वर्गीकरण करण्याचे प्रयत्न स्वतंत्रपणे झाले. १८९१ मध्ये यास्त्शिन्स्की याने एक वर्गीकरण सुचविले. क्योतो येथील बुंतारो आदाची याने १९२८ मध्ये जपानी लोकांच्या धमनीसंस्थेवरील आपल्या विशाल जर्मन ग्रंथात ते विकसित केले. भिन्न वंशांच्या देहांची तुलना करण्याचा जो रिवाज तेव्हा होता, त्याचाच हा ग्रंथ भाग होता. तरीही त्यातील मोजणीची काटेकोर पद्धत पुढील सर्व अभ्यासांना मार्गदर्शक ठरली, आणि आजही भारतातील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांतील शवविच्छेदनावर आधारित अभ्यास आदाचीच्याच प्रकारांचा आधार घेतात.

या वर्गीकरणाचा पाया कोणता, हे पाहण्यासारखे आहे. त्यात मुख्यतः नितंबाच्या वरच्या व खालच्या धमन्या आणि जननेंद्रियांच्या बाह्य भागाकडे जाणारी अंतर्गत प्युडेंडल धमनी कोणत्या क्रमाने निघतात याचा विचार केला आहे. या धमन्या मोठ्या आणि स्थिर आहेत, आणि त्या स्त्री-पुरुष दोघांतही असतात. त्यामुळे दोघांचे देह एका कोष्टकात मांडता येतात. ही सोय शास्त्रीय दृष्टीने समर्थनीय आहे. परंतु तिचा परिणाम असा झाला की केवळ स्त्रीदेहात असणारी गर्भाशयाची धमनी वर्गीकरणाच्या बाहेर राहिली. प्रसूतिगृहात जी धमनी जीवनमरणाची ठरते, तिच्या रचनाभेदांची पद्धतशीर मांडणी मोठ्या प्रमाणावर होण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. यात कोणाचा हेतू वाईट होता असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि ‘समान’ म्हणून निवडलेले मोजमाप प्रत्यक्षात कोणाला वगळते, हा प्रश्न सर्वच ज्ञानशाखांनी स्वतःला विचारावा असा आहे.

जिवंत देहातील नकाशा :

१९२९ मध्ये लिस्बन येथे रेनाल्डो दोस सान्तोस याने जिवंत माणसाच्या महाधमनीत क्ष-किरणांना अपारदर्शक असे द्रव्य सोडून तिचे चित्र घेतले. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर याने सुई आणि तारेच्या साहाय्याने धमनीत सुरक्षितपणे नळी सरकविण्याची पद्धत शोधली. यामुळे धमनीची रचना मृत्यूनंतर नव्हे, तर उपचारापूर्वीच आणि त्याच रुग्णाच्या देहात पाहता येऊ लागली. १९७९ मध्ये प्रसूतीनंतरचा न थांबणारा रक्तस्राव धमनीत नळीवाटे अडथळा निर्माण करून थांबविल्याची नोंद प्रसिद्ध झाली. १९९५ मध्ये पॅरिस येथील राविना आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत गर्भाशयातील गाठींच्या उपचारासाठी वापरल्याचे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले.

या उपचाराचा प्रसार होताच दुर्लक्षित रचनाभेद केंद्रस्थानी आले. गर्भाशयाच्या दोन्ही धमन्या बंद करूनही काही स्त्रियांच्या गाठी कमी होईनात, कारण त्यांना बीजांडकोशाच्या धमनीतून रक्त मिळत होते. उलट काही स्त्रियांत बीजांडकोशाचाच रक्तपुरवठा गर्भाशयाच्या धमनीतून होत होता. तेथे ती धमनी बंद केल्यास बीजांडकोशाला इजा पोहोचण्याचा संभव होता. २००३ मध्ये या दोन धमन्यांच्या जोडणीचे तीन प्रकार मांडणारे वर्गीकरण प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी गर्भाशयाच्या धमनीच्या उगमाचेही स्वतंत्र वर्गीकरण झाले. रॉबिन्सनच्या वर्तुळाला शंभर वर्षांनी उपचाराच्या व्यवहारात स्थान मिळाले.

आपल्याकडील संदर्भ :

पाश्चात्त्य पद्धतीचे शवविच्छेदन कोलकाता येथे १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त यांच्या हातून सुरू झाले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये स्थापन झाले. विटाळाची भीती आणि जातीचे निर्बंध ओलांडून विद्यार्थी विच्छेदनगृहात गेले, ही गोष्ट आपल्या प्रबोधनाच्या इतिहासात अभिमानाने सांगितली जाते आणि ती योग्यच आहे. मात्र मेजाच्या दुसऱ्या बाजूला कोण होते, याची चर्चा अभावानेच होते. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई प्रांताने शरीररचना अधिनियम केला. त्यातही बेवारस देह हाच मुख्य आधार होता. देहदानाच्या चळवळीने हे चित्र हळूहळू बदलत आहे. तरीही आपल्या पाठ्यपुस्तकी ज्ञानाचा मोठा भाग ज्यांना मृत्यूनंतर न्यायला कोणी आले नाही, अशा माणसांनी दिलेला आहे.

दुसरीकडे, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे भारतातील मातामृत्यूंच्या प्रमुख कारणांपैकी एक आजही आहे. गर्भारपणाच्या अखेरीस गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहते. रक्तस्राव सुरू झाल्यावर हाती किती मिनिटे असतात याचा अंदाज यावरून यावा. मोठ्या शहरांतील रुग्णालयांत धमनीचे चित्र क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहता येते. तालुक्याच्या ठिकाणी मात्र शल्यविशारदाला स्वतःच्या बोटांवर आणि वाचलेल्या ज्ञानावर विसंबावे लागते. तेथे बारीक टाइपातील ओळीचे मोल सर्वाधिक असते.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. स्त्रीच्या ओटीपोटातील धमन्यांचे रचनाभेद फार पूर्वीपासून दृष्टीस पडत होते. परंतु गेलनच्या काळात ते स्त्रीच्या न्यूनत्वाचा पुरावा ठरले आणि व्हेसालियसच्या काळात प्रमाणदेहाच्या कडेला राहिले. निरीक्षणाची अचूकता आणि निष्कर्षाची सत्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत.

२. अपवादाला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती एकोणिसाव्या शतकातील मोजणीमुळे. ती मोजणी बेवारस आणि दरिद्री माणसांच्या देहांवर उभी होती.

३. स्त्री-पुरुषांना समान असलेल्या धमन्यांवर वर्गीकरण आधारल्यामुळे गर्भाशयाची धमनी दीर्घकाळ पद्धतशीर अभ्यासाबाहेर राहिली.

४. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधनाने हे दाखवून दिले, की रक्तवाहिन्यांमधील विविधता आणि आडवाटा हा रचनेतील दोष नसून अनेकदा अवयव जगण्याचा आधार आहे.

वैद्यकाच्या इतिहासात आपण शोधकांची नावे लक्षात ठेवतो. क्वेन, केली, आदाची ही नावे ग्रंथांतून टिकून राहतील. ज्या असंख्य स्त्रियांच्या देहांतून हे ज्ञान आले, त्यांतील एखाद्या मायलाचेच नाव आज आपल्याला ठाऊक आहे. बाकीच्यांची नावे आता मिळणार नाहीत. परंतु शरीररचनेच्या वर्गात पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांना हा इतिहास दहा मिनिटे सांगणे आपल्या हाती आहे. मेजावरचा देह कोणाचा तरी आहे आणि तो पुस्तकातल्या चित्रासारखा असेलच असे नाही, एवढे जरी त्या दिवशी विद्यार्थ्याच्या मनावर ठसले, तरी पुढे एखाद्या रात्री प्रसूतिगृहात त्याचा उपयोग झाल्यावाचून राहणार नाही.